आधी बोलू नये

बुधवार, ३ मार्च १९७६

काल सकाळी मी काय केलं ते आधी लिहून ठेवतो. न्याहारी करून धाकट्या भावाच्या बोटीवर चढलो, उपसागरात तिच्यातून एक फेरी मारली, परत उतरलो, कुणाशी अवाक्षर न बोलता घरी आलो आणि परसात लाकडं फोडायला लागलो. पुढच्या हिवाळ्यालाही पुरतील एवढी फोडली. शेवटी माझी बायको कर्स्टी दारात येऊन म्हणाली, "त्या ओंडक्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

ओंडक्यानं काही केलं नव्हतं.

'मॉर्निंग मर्सी' ही आमच्या वडिलांनी बांधून घेतलेली लाकडी बोट. वडिलांनंतर धाकटा गिब तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, झाला. या हिवाळ्यात त्यानं ती लांबच्या एका गोदीत नेऊन ठेवली आणि नवी करून आणली. डेकवर पोलादी छप्पर घातलं, म्हणजे खलाशी लाटांनी भिजणार नाहीत. छपरावर जाळं गुंडाळायचं भलंमोठं लोखंडी रहाट बसवलं, म्हणजे ओढून ओढून हाताची सालं निघणार नाहीत. हेतू चांगलाच आहे. पण सगळं वजन वर गेलं आणि खाली तीच वडिलांची जुनी लाकडं राहिली.

भूशिरापाशी गिबनं सुकाणू फिरवलं. बोट कलली. बोटी कलतातच. पण ही कलली आणि तिथंच थांबली. एखादा माणूस दारात थांबून घरात परत जावं की नाही याचा विचार करतो, तशी. मग सावकाश, नाइलाजानं उठली. त्या वेळी समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा सपाट होता.

"बघितलंस ॲडम?" गिब केबिनमधून ओरडला. "पाळणा आहे नुसता पाळणा! कपातला चहा सांडत नाही!"

त्याचा मुलगा रॉबी हसला, पण फार उशिरा हसला. इंजिनवाला डॉड आपल्याच बुटांकडे बघत होता. म्हातारा वॉटी, जो बोटीवर रांधतो, किटली दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. त्यावरूनच मला कळलं की मला जे जाणवलं ते सगळ्यांना जाणवलंय.

आणि कुणीही बोललं नाही. बोलायचं नसतंच. पोर्टक्रॅनॉकमध्ये बोटीबद्दल वाईट तोंडातून काढत नाहीत. होणारं अरिष्ट आधी बोलून दाखवलं की ते त्या बोलण्यानंच ओढवतं, असं इथं मानतात. त्याला 'फोरस्पीक' करणं म्हणतात. मी प्रभूला मानतो, असल्या खुळांना मानत नाही. बावीस वर्षं प्रार्थनाघरात त्याच बाकावर बसून हे सांगत आलो आहे. तरीही काल माझं तोंड उघडलं नाही. राग आहे तो त्याचा.

गुरुवार, ४ मार्च

आज उघडलं. त्याचं फळ मिळालं.

संध्याकाळी गिबच्या घरी गेलो. तो जेवत होता. एल्स्पेट, त्याची बायको, चुलीपाशी ओटच्या भाकऱ्या शेकत होती. मी टोपीही न काढता म्हणालो, "गिब, ते रहाट छपरावरून खाली घे."

"खाली कुठं घेऊ? तुझ्या डोक्यावर?"

"वळताना ती थांबते. तुलाही कळलंय."

"थांबते म्हणजे आरामात चालते. तुम्ही लोक आयुष्यभर आदळआपट खाल्लीत, आता सुख बघवत नाही."

"सुख नव्हे ते. वाऱ्यात, भरल्या जाळ्यानिशी ती अशी थांबली ना, तर परत—"

एल्स्पेटनं भाकरी सोडून चुलीच्या लोखंडी कठड्याला हात लावला. गिबनं टेबलावरची सुरी धरली, पात्याकडून. अरिष्टाचा शब्द कानावर आला की आमच्याकडे थंड लोखंडाला शिवतात. ज्या माणसानं परवाच्या रविवारी सगळ्या मंडळींच्या पुढं उभं राहून प्रार्थना सांगितली, तो जेवणाच्या सुरीला शिवून बसला होता.

"वाक्य पुरं करू नकोस," तो म्हणाला. "माझ्या घरात नाही. माझ्या पोराच्या देखत नाही."

रॉबी तिथंच होता. विशीचा गडी, पण ताटातून मान वर केली नाही.

"मी पुरं करणार."

"कर ना. तुझी बोटं दोराच्या रहाटात गेली त्या दिवसापासून तू किनाऱ्यावर बर्फ फोडत बसलायस, ॲडम. समुद्रानं ज्याला थुंकून टाकलं, त्याला पाण्यावरची प्रत्येक बोट वाकडीच दिसणार."

मी बाहेर पडलो. वाक्य पुरं केलं नाही.

तो जे बोलला ते खोटं आहे. माझ्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, त्याला एक तप होऊन गेलं. मी ते केव्हाच प्रभूच्या पदरात टाकलंय. 'मर्सी' वडिलांनी मला दिली असती, हे सगळ्या गावाला माहीत आहे, मला त्याचं काही वाटत नाही. काही वाटत नाही. बर्फघराचं काम मानाचं आहे, आणि मासे टिकवायला सगळ्या बोटींना माझ्या दारात यावंच लागतं.

शुक्रवार, ५ मार्च

हार्बरमास्तरकडे गेलो. तो म्हणाला गोदीचे कागद बरोबर आहेत. मी म्हटलं कागद पाण्यावर तरंगतो, त्यात नवल काय. त्याला विनोद कळला नाही. मी विनोद केलाही नव्हता.

रविवार, ७ मार्च

प्रार्थनाघरात माझ्या बाकावर मी एकटाच होतो. एरवी आम्ही सहाजण बसतो. प्रभुभोजनाची भाकर मोडून झाल्यावर ताट फिरत माझ्यापर्यंत आलं, पण पुढच्या बाकावरच्यानं हातात न देता बाकावर ठेवलं आणि हात मागं घेतला. मी ते उचलून तुकडा घेतला. कडू लागला.

म्हणजे एल्स्पेटच्या स्वयंपाकघरातून गोष्ट बाहेर गेली. मी काही बोललोसुद्धा नव्हतो! अर्धं वाक्य. अर्ध्या वाक्यानं माणूस काळ्या जिभेचा ठरतो.

बाहेर पडताना पायऱ्यांवर दोन बायका कुजबुजत होत्या. मला बघून एकीनं फाटकाच्या लोखंडी गजाला हात लावला. ती माझी मावसबहीण आहे. लहानपणी तिला मी खांद्यावर बसवून शाळेत नेलंय.

मी तिला म्हणालो, "गजाला गंज लागलाय, हात धू."

हे बोलायला नको होतं. पण बोलून बरं वाटलं. प्रभूनं क्षमा करावी, किंवा थोडं थांबून करावी, कारण अजून मला पश्चात्ताप झालेला नाही.

मंगळवार, ९ मार्च

आज एक पाहुण्या बाई आल्या. ॲबरडीनच्या विद्यापीठातल्या मिस अर्कहार्ट. किनाऱ्यावरच्या गावांतले जुने शब्द गोळा करत हिंडतात. कुणीतरी त्यांना बर्फघराकडे पाठवलं. कुणी पाठवलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांनी पहिलाच जो शब्द विचारला त्यावरून गावानं माझी थट्टा केली हे उघड आहे.

"'फोरस्पीक'," त्या म्हणाल्या. "याचा तुमच्याकडे अर्थ काय, आणि तुम्ही तो वापरता कसा?"

वॉटी बर्फाच्या पेट्यांवर पाइप ओढत बसला होता. तो उठलाच. "बाई, तो शब्द लिहायचा तर जरा धक्क्यापासून लांब जाऊन लिहा. आणि पेन लोखंडाचं असेल तर उत्तम."

त्या हसल्या. बाई भल्या आहेत, गुडघ्यापर्यंत बूट घालून चिखलातून आल्या होत्या. मी त्यांना पेटीवर बसायला पोतं दिलं आणि सांगू लागलो. एखाद्या बाळाला कुणी म्हणालं, 'किती गुटगुटीत आहे', आणि रात्री त्याला ताप भरला, की म्हणायचं, अमकीनं बाळाला फोरस्पीक केलं. गाईच्या दुधाचं कौतुक केलं आणि दूध आटलं, तरी तेच. चांगलं बोललं तरी, वाईट बोललं तरी. शब्द घटनेच्या आधी तोंडातून गेला, एवढाच गुन्हा.

"जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा अर्थ इतका काळा नाही," त्या म्हणाल्या. "तिथं तो नुसता 'आधी सांगणं' असा आहे. संदेष्टे करायचे ते. सन्मानाचं क्रियापद होतं. पुढं पुढं ते कुणी वापरेना, फक्त तुमच्यासारख्या गावांत उरलं, आणि इथं ते आंबलं." मग वही मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "स्वतःबद्दल वापरतं का कुणी? 'मी फोरस्पीक केलं', असं?"

मला हसू आलं. "बाई, 'मी खून केला' असं कुणी येता-जाता म्हणतं का?"

"आणि बोललेलं खरं झालं नाही तर?"

"तर तो माणूस खोटारडा."

"आणि खरं झालं तर?"

"तर त्यानंच केलं."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "पण एखाद्याला धोका खरोखरच दिसला आणि दुसऱ्याला सावध करायचं असलं, तर त्याला तुमच्याकडे कोणता शब्द आहे?"

वॉटीनं पाइप पेटीवर आपटून झाडला.

"त्याला आम्ही गप्प बसणं म्हणतो," तो म्हणाला.

बाई जोरात हसल्या, त्यांनी तेही लिहून घेतलं. वॉटी हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, का ते कळलं नाही.

दिवसभर डोकं भणभणलं आहे. संदेष्ट्यांना लोकांनी दगड मारले हे खरं, पण निदान 'तुमच्या बोलण्यामुळं दुष्काळ पडला' असं म्हणून मारले असतील असं मी कधी ऐकलं नव्हतं. की तेव्हाही तसंच म्हणत होते? ज्या गावाकडे सावध करण्याला शब्दच नाही, त्या गावाच्या पोटी मी जन्मलो, आणि तिथल्याच शाळेत शिकलो. मास्तरांनी आम्हाला खंडांची नावं शिकवली, वाऱ्यांची नावं शिकवली. हे नाही शिकवलं.

गुरुवार, ११ मार्च

'मर्सी' दोन दिवस जवळच्या पाण्यात मासेमारी करून आली. हवा लोण्यासारखी होती, त्यामुळं तिला काहीच झालं नाही. गिब लिलावाच्या शेडमध्ये माझ्या समोरून दोनदा गेला. दोन्ही वेळा शीळ वाजवत. धक्क्यावर कुणी शीळ घालत नाही, वारा बोलावल्यासारखं होतं म्हणून. त्यानं मुद्दाम घातली. मला चिडवायला त्याला स्वतःची भीतीही मोडता येते म्हणजे.

दुपारी वॉटी बर्फ न्यायला आला. गिबच्या आधी त्यानं आमच्या वडिलांसाठीही रांधलंय. मी फावडं मारत विचारलं, "चालते कशी?"

"अंथरुणासारखी. झोप लागते." आणि त्यानं माझ्या फावड्याच्या पात्याला बोट लावलं.

"मग बर्फ पुरे एवढा?"

"आणखी टाक. सोमवारी पश्चिमेला निघतोय. लांबचा पल्ला. तिकडं हवा फिरलीय म्हणतात." तो पेटीवर बसला. "पोरा, एक सांगतो तुला." मी पन्नाशीला आलो, तरी वॉटीला पोरच आहे. "सोमवारी धक्क्यावर येऊ नकोस."

"मला कशाला दम देतोस?"

"दम नाही. सांगतोय. सकाळच्या भरतीला आम्ही तिघंही एकदमच येणार, तुझ्या या उतारावरून. दुसरी वाट नाहीये आम्हाला. अशा वेळी तुझ्या तोंडातून काही भलतंसलतं गेलं, तर कुणी पाऊल टाकणार नाही बघ. मग तांडेलानं देवाची शपथ घातली तरी नाही."

"एवढे धीट खलाशी!"

"माझा बाप एकदा वाटेतून परत फिरला. एका म्हातारीनं पाठीमागून 'कुठं निघालास' एवढंच विचारलं म्हणून. आठवडाभर घरी बसला. कुणी त्याला भित्रा म्हटलं नाही. कसं म्हणतील? अपशकुन झाला, परत आला. त्यात माणसाची इज्जत जात नाही." त्यानं पाइप तोंडात घातला, पेटवला नाही. "बोटीला घाबरून मी उतरलो, असं म्हटलं तर जाते. या वयात मला दुसरी बोट कोण देणार? म्हणून म्हणतो, सोमवारी येऊ नकोस. भरतीच्या वेळी."

"एकदा सांगितलंस, ऐकलं मी."

"ऐकलंस ना? बरं झालं." आणि गेला.

मी एवढा चिडलो की फावड्याचा दांडा मोडला. ज्या माणसाला स्वतःच्या हाडांत कळलंय की बोट धड नाही, तो मला येऊन बजावतो की तू तोंड बंद ठेव! निम्मा गाव असाच. जीव जाईल हे चालेल, पण कुणी 'भिला' म्हणता कामा नये.

शनिवार, १३ मार्च

आज एल्स्पेट आली. रास्पबेरीच्या मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली आणि बसली नाही. कर्स्टीनं चहा ठेवला तर म्हणाली, "चहाला नाही आले, भांडायला आलेय."

"मग भांड," मी म्हणालो.

"लोक म्हणतात तुझी जीभ काळी आहे."

"आणि तू?"

"मी काय म्हणते ते राहू दे. तुला गिबचा स्वभाव माहीत आहे. माझं ऐकत नाही. मंडळींतल्या वडीलधाऱ्यांचं ऐकत नाही. 'माझ्या बापाची बोट, माझ्या बापाची बोट', एवढंच. त्याला समजावून बघितलंय मी. रात्रभर समजावलंय." तिचा आवाज चढला. "त्याला भीती म्हणून एकाच गोष्टीची आहे, ती तुलाही माहीत आहे. बोटीवर पाय ठेवताना, खलाशांच्या देखत, स्पष्ट नावं घेऊन कुणी बोललं तर तो निघू शकत नाही. त्याला खलाशीच मिळणार नाहीत. म्हणून तुला बजावते, ॲडम, असलं काही करायचं नाही!"

"मला शिकवू नकोस."

"आणि रॉबीचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. स्वतःचं नाव ऐकलं की तो पोरगा दगडासारखा उभा राहील. बापानं हाताला धरून ओढलं तरी हलायचा नाही. माझं पोर आहे, मला माहीत आहे. नुसतं 'सगळे' म्हटलंस तर जाईल तो. नाव घेतलंस तर नाही जाणार."

तिनं माझी बाही धरली होती आणि सोडतच नव्हती. माझ्या कोटाचं बटण तुटलं. मग ती रडायला लागली आणि तशीच निघून गेली.

मी कर्स्टीला म्हणालो, "बघितलंस? घरात येऊन धमकी देऊन जाते."

कर्स्टी बटण शोधत जमिनीवर वाकली होती. "हो," ती म्हणाली, "सगळं अगदी नीट समजावून गेली." आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं आमच्या मुलीकडे ती बघायची, तिला बेरीज जमत नसे तेव्हा.

माझ्याच घरात मला कुणी नाही.

रविवार, १४ मार्च

प्रार्थनाघरात गेलो नाही. आयुष्यात आजारपणाशिवाय असं प्रथमच. दारं लावून गुडघे टेकले. रागात प्रार्थना करता येते का? केली. म्हणालो, प्रभो, तू वादळाला दटावलंस आणि ते थांबलं, मग माझ्या भावाला का दटावत नाहीस? खिडकीची काच थरथरत होती. वारा पश्चिमेला गेला आहे.

मग शांतपणे विचार केला. शांतपणे म्हणजे दात आवळून.

मी त्यांच्या वाटेत उभा राहून त्यांना ज्याची भीती वाटते ते बोललो, तर ते थांबतील. हे वॉटीच्या आणि एल्स्पेटच्या तोंडून मीच ऐकलं आहे. त्यांनी मला रोखायला म्हणून सांगितलं, आणि त्यातून मलाच वाट दिसली. लोकांची बुद्धी कशी असते बघा.

पण ही वाट घाण आहे. ज्या खुळाविरुद्ध आयुष्यभर बोललो, त्याचाच दोर हातात घ्यायचा. तेही एक वेळ पोटात घालीन. मग काय होईल? चेटक्या म्हणतील. कुठलाही तांडेल माझ्या हातचा बर्फ घेणार नाही, म्हणजे बर्फघर गेलं. बाकावर शेजारी कोणी बसणार नाही, आयुष्यभर. आणि गिब. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी तेरा वर्षांचा. त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधायचो. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं तर तो टाकणार ते कायमचं. आमच्यात असलं सगळं कायमचंच असतं.

आणि बोट धक्क्याला राहिली, तर ती बुडाली असती हे मला कधीच दाखवता येणार नाही. लोक म्हणतील, धडधाकट बोट होती, या माणसाच्या जळफळाटानं अडकली. त्यावर माझ्याकडे काय उत्तर असेल? काही नसेल. उलट मनातल्या मनात मीच विचारत राहीन, गिब जे बोलला ते खरं तर नव्हतं?

ते खरं नाही. पुन्हा लिहितो, नाही.

गप्प राहिलो आणि ती परत आली, तर सगळं ठीक. गप्प राहिलो आणि आली नाही, तर तीन दारांवर जाऊन टोपी काढावी लागेल. त्या दारांत मला म्हणतील, 'देवाची इच्छा.' आणि मला 'हो' म्हणावं लागेल. नेमकं तेच मला सहन होत नाही. आपल्या रहाटाचं वजन देवाच्या इच्छेवर ठेवायचं!

संध्याकाळी कर्स्टीनं माझा जाड कोट चुलीपाशी वाळत घातला. बटण लावलं होतं.

"मी कुठं जाणार आहे?" मी विचारलं.

"कुठं नाही," ती म्हणाली. "पहाटे थंडी असते."

सोमवार, १५ मार्च

झालं.

उजाडताना उतारावर जाऊन उभा राहिलो. भरती चढत होती. 'मर्सी'चं इंजिन सुरू होतं, गिब आधीच केबिनमध्ये गेला होता. वॉटी, डॉड आणि रॉबी खांद्यावर पिशव्या घेऊन गल्लीतून येत होते. मला वाटलं होतं मला बघून ते थबकतील, रस्ता बदलतील, कमीत कमी शिव्या तरी देतील. ते सरळ चालत आले. थोडे सावकाशच.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत दिवे होते. एल्स्पेट दारात उभी होती, वेणीफणी करून. इतक्या लवकर. लोकांना तमाशाची हौस किती!

मी सुरुवात त्या शब्दांपासून केली. 'डुक्कर', मी म्हणालो. 'ससा. सॅमन मासा. पाद्री.' बोटीच्या आसपास ज्यांची नावं कधी घेत नाहीत, ती सगळी घेतली, मोठ्यानं, शाळेतल्या पाठांतरासारखी. पन्नाशीचा माणूस पहाटे समुद्राकडे तोंड करून 'डुक्कर' म्हणून ओरडतो, हे हसण्यासारखं आहे. कुणी हसलं नाही.

मग म्हणालो, "ही बोट बुडणार आहे."

तो शब्द या धक्क्यावर मी कुणाच्याही तोंडून कधी ऐकलेला नाही. माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग वॉटी, डॉड, रॉबी अशी क्रमानं त्यांची खरी, पूर्ण नावं घेतली.

"वळताना ती कलेल आणि उठणार नाही. वॉल्टर पिरी, ती तुला घेऊन जाईल. जॉर्ज मेर, ती तुला घेऊन जाईल. रॉबर्ट फ्लेट, ती तुला घेऊन जाईल."

रॉबी दगडासारखा उभा राहिला. वॉटीनं पिशवी खाली टाकली. ती इतकी हलकी पडली की आत काही असावं असं वाटेना. म्हातारपणी विसरभोळा झालाय. डॉडच्या पायांत समुद्रावरचे बूटही नव्हते, गावात हिंडायचे जोडे होते. घाईत निघाला असेल.

"झालं," वॉटी केबिनकडे बघून ओरडला. "तांडेल, आमचं झालं. हे कानावर आल्यावर मी जात नाही. कुणी जाणार नाही."

"मीही नाही," डॉड म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, जणू जिभेवर तयार ठेवलं होतं.

"बाबा," रॉबी म्हणाला.

गिब केबिनमधून बाहेर आला. छपराखालून वाकून यावं लागतं, तसा वाकून आला आणि सरळ उभा राहिला. मी मार खायला तयार होतो. त्यानं हात उचलला नाही. बोटीच्या काठाशी येऊन उभा राहिला. आमच्यात हातभर पाणी होतं, वरखाली होणारं.

"चौघं निघालो होतो," तो म्हणाला. "तू तिघांची नावं घेतलीस."

ते नाव मी खरंच टाळलं होतं.

"ऐकलंत?" तो खलाशांना म्हणाला. "माझं नाव घेतलं नाही यानं. घेणार कसं? मनातून यालाही ठाऊक आहे. चला, चढा. वारा कमी आहे अजून." आणि मग मला, अगदी हळू, "जा घरी, ॲडम. जा. मी काही ऐकलं नाही असं धरून चालतो. तू माझा भाऊ आहेस."

रॉबीचा पाय हलला. मी पाहिला.

खरं सांगायचं तर मलाही घरी जायचं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणी मला भाऊ म्हणालं होतं.

मी टोपी काढली. वडील त्याला रागावताना जसं पूर्ण नाव घ्यायचे, तसं घेतलं. "गिल्बर्ट जेम्स फ्लेट," मी म्हणालो, "ती तुला घेऊन जाईल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. मग पाठ फिरवून, वाकून केबिनमध्ये गेला, आणि त्यानं इंजिन बंद केलं.